शाळेची शीव

तुमच्या गावाची शीव तुम्हाला ठाऊक आहे. कुठल्या ओढ्यापर्यंत आपले शिवार, कुठल्या वडापासून पुढे शेजारच्या गावाचे, हे गुरे राखणारे पोरही सांगते. शेताला बांध असतो. तो वीतभर सरकला तर सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. मोजणी होते, खुणा रोवल्या जातात, तरी वाद मिटत नाही. मग तालुक्याच्या कोर्टात खेपा सुरू होतात.

शीव शाळेलाही असते. आपल्याकडे ती तितकी जाणवत नाही. जवळच्या मोठ्या गावात हायस्कूल असते. ज्याला जमेल तो आपल्या मुलाला तिथे घालतो. गाठीला पैसा असला तर तालुक्याला ठेवतो. अमेरिकेत सरकारी शाळेची रीत वेगळी आहे.

तिथे सरकारी शाळेत बारावीपर्यंत फी नाही. शाळा चालवते ते त्या गावाचे किंवा शहराचे शाळामंडळ. बहुतेक ठिकाणी मंडळाचे सभासद लोकच मते देऊन निवडतात. शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा घरपट्टीतून येतो. हे मंडळ शहराचा नकाशा पुढे घेते आणि त्यावर रेघा ओढते. रेघेच्या अलीकडची घरे या हायस्कुलाची, पलीकडची त्या हायस्कुलाची. कधी ही रेघ भर रस्त्यातून जाते. मग रस्त्याच्या या अंगाची मुलगी एका शाळेत जाते आणि समोरच्या घरातली तिची मैत्रीण दुसऱ्या शाळेत.

म्हणून तिथे घर घेणारा माणूस आधी विचारतो, “हे घर कुठल्या शाळेत येतं?” चांगल्या नावाच्या शाळेच्या हद्दीतले घर महाग पडते. आपण विहिरीच्या पाण्याची चौकशी करून जमीन घेतो, तशातलाच हा प्रकार. पण हद्द कायमची नसते. एका शाळेत मुले दाटली, दुसरीतले वर्ग ओस पडले, नवी इमारत बांधली, की मंडळाला रेघ हलवावी लागते. रेघ हलणार असे कळले की आईबाप मंडळाच्या सभेला लोटतात. बायका, बापये, कडेवरची पोरेसुद्धा येतात. अशी भांडणे तिथे आजही होतात.

यातले एक भांडण १९७० साली डेट्रॉइट नावाच्या शहरात झाले. ते त्या देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत गेले. त्याची ही हकिकत.

मोटारींचे शहर

डेट्रॉइट हे अमेरिकेच्या उत्तर भागातले, मिशिगन राज्यातले शहर. फोर्डच्या मोटारी तुम्ही पाहिल्या असतील. त्या फोर्डचे हे शहर. १९१४ साली फोर्डने कारखान्यातल्या मजुराला दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली. त्या काळी ही फार मोठी मजुरी होती. लांबलांबचे लोक कामासाठी धावले. आपल्याकडे कोकणातला आणि घाटावरचा माणूस गिरणीत काम मिळेल म्हणून मुंबईला गेला, तसेच ते. १९५० साली या शहराची वस्ती साडेअठरा लाखांच्या घरात गेली होती.

आलेल्यांत गोरे होते तसे काळेही होते. हे काळे लोक मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्या पूर्वजांना पकडून, जहाजात कोंबून अमेरिकेत आणले होते आणि गुरांसारखे विकले होते. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. ही गोष्ट महाराष्ट्रालाही तेव्हाच कळली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. ते त्यांनी, काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले आहे.

गुलामगिरी गेली, पण शिवाशीव गेली नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत तर काळ्यांची शाळा वेगळी, गोऱ्यांची वेगळी, असा कायदाच होता. आपल्या गावांतही काही मुलांना वर्गाबाहेर ओट्यावर बसवीत. ते पाहिलेली माणसे अजून आहेत. त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १७ मे १९५४ या दिवशी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की रंगावरून वेगळ्या शाळा ठेवणे राज्यघटनेला धरून नाही. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एका मताचे होते.

डेट्रॉइटच्या गोऱ्या लोकांना वाटले, हा निकाल दक्षिणेकडच्यांसाठी आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? मिशिगनमध्ये असा कायदा नव्हताच. उलट तिथल्या राज्याच्या वरिष्ठ कोर्टाने १८६९ सालीच डेट्रॉइटच्या मंडळाला बजावले होते, की काळे म्हणून मुलांना वेगळ्या शाळेत घालता येणार नाही. कागद पाहिला तर सगळे ठीक होते. शाळेत जाऊन पाहिले तर एका शाळेत जवळजवळ सगळी मुले काळी आणि दुसरीत जवळजवळ सगळी गोरी.

असे का झाले? पहिले कारण घरांचे. काळ्या माणसाने कुठे राहायचे, हे त्याच्या मर्जीवर नव्हते. पुष्कळ घरांच्या खरेदीखतांत कलम असे, की हे घर काळ्या माणसाला विकायचे नाही. अशी कलमे कोर्टाने अमलात आणू नयेत, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९४८ साली दिला. त्या खटल्यांपैकी एक डेट्रॉइटचाच होता. पण तोवर वस्त्या वाटल्या गेल्या होत्या. घरबांधणीच्या कर्जाला हमी देणारे सरकारी खातेही काळ्यांची वस्ती जवळ असली की हमी देत नसे. १९४१ साली एका बांधकामवाल्याला काळ्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. हमी मिळेना. तेव्हा त्याने दोन वस्त्यांच्या मध्ये भिंत घातली. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. मग हमी मिळाली! त्या भिंतीचा बराचसा भाग अजून उभा आहे. लोकांनी तिच्यावर चित्रे काढली आहेत.

उभी रेघ आणि आडवी रेघ

दुसरे कारण शाळेच्या हद्दीचे. ते नीट समजून घेऊ, कारण पुढचे सगळे भांडण त्यावरच आहे.

समजा, दोघा भावांचे एक शेत आहे. पूर्वेकडचा भाग काळीचा, पश्चिमेकडचा मुरमाड. मधोमध दक्षिणोत्तर उभा बांध घातला तर एकाला सगळी काळी जाते आणि दुसऱ्याला सगळा मुरूम. तोच बांध पूर्व-पश्चिम असा आडवा घातला, तर दोघांच्या वाट्याला थोडी काळी येते आणि थोडा मुरूम. शेत तेच. मातीही तीच. बांध कसा घातला, एवढाच फरक. म्हणून तर वाटणीच्या वेळी जाणती माणसे प्रत्येक तुकड्याची आडवी वाटणी करायला लावतात. (कोणती माती चांगली आणि कोणती वाईट, हा प्रश्न माणसांच्या बाबतीत नाही. दाखला फक्त बांधापुरता घ्यावा.)

डेट्रॉइटमध्ये काळ्यांची वस्ती शहराच्या मध्यभागी दाटलेली होती. गोऱ्यांची वस्ती बाहेरच्या अंगाला, पूर्व आणि पश्चिम टोकांकडे जास्त होती. हायस्कुलांच्या हद्दी मात्र दक्षिणोत्तर उभ्या होत्या. त्यामुळे काळ्या मुलांची शाळा काळी राहिली आणि गोऱ्यांची गोरी. याच रेघा पूर्व-पश्चिम ओढल्या तर मुले मिसळतील, हे मंडळाला निदान १९६२ पासून माहीत होते. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. पुढे कोर्टाने आपल्या निकालपत्रात ते नमूद केले.

आणखीही खुब्या होत्या. एखादी वस्ती बदलू लागली, काळी कुटुंबे तिथे राहायला आली, की मंडळ त्या पट्ट्याला मोकळीक देई. या पट्ट्यातल्या मुलांनी दोन शाळांपैकी हवी ती निवडावी. दिसायला ही सवलत सर्वांनाच होती. घडायचे असे, की गोरी मुले ती घेऊन गोऱ्या शाळेत निघून जायची. कुठल्या काळ्या शाळेत मुलांची दाटी झाली तर मंडळ काही मुलांना बसने दुसरीकडे पाठवी. ती बस वाटेतल्या गोऱ्या शाळेवरून पुढे जाई. तिथे जागा असे, तरी थांबत नसे. लांबच्या काळ्या शाळेत जाऊन थांबे.

हे वर्षानुवर्षे चालले. मग जुलै १९६७ मध्ये शहरात मोठी दंगल झाली. ४३ माणसे मेली. घरे-दुकाने जळाली. गोरी कुटुंबे शहराबाहेरच्या नव्या वस्त्यांत जातच होती. दंगलीनंतर ती जास्तच जाऊ लागली. १९७० सालच्या शिरगणतीत शहरातली शंभरांतली ४४ माणसे काळी होती. सरकारी शाळांत तर शंभरांतली जवळजवळ ६४ मुले काळी होती.

सात एप्रिल

१९६९ साली मिशिगन राज्याने कायदा केला. एवढ्या मोठ्या शहराचा कारभार एका मंडळाने करण्यापेक्षा शहराचे विभाग पाडावेत आणि प्रत्येक विभागाचे वेगळे मंडळ निवडावे, असा तो कायदा होता. काळ्या पुढाऱ्यांपैकी पुष्कळांना तो हवा होता. आमच्या शाळांवर आमच्या माणसांचे चालू द्या, मग गोऱ्या मुलाच्या शेजारी आमचे मूल बसले काय आणि न बसले काय, असे म्हणणारेही त्यांच्यात होते. तेव्हा सगळे काळे एका बाजूला आणि सगळे गोरे दुसऱ्या बाजूला, असा हा सरळ सामना नव्हता.

विभाग पाडायचे तर नकाशा काढणे आलेच. मंडळाचे अध्यक्ष एब्रहाम झ्वर्डलिंग हे कामगारांचे वकील होते. नकाशा पुढे आलाच आहे, तर रेघा सरळ ओढून टाकाव्या, असे त्यांना आणि त्यांच्या काही सोबत्यांना वाटले. ७ एप्रिल १९७० रोजी मंडळाची सभा भरली. शहरातल्या वीसवर हायस्कुलांपैकी १२ हायस्कुलांच्या हद्दी बदलायच्या, असा ठराव त्यांनी आणला. चार विरुद्ध दोन मतांनी तो मंजूर झाला.

ठराव तसा जपून केलेला होता. शाळेत आधीपासून शिकणाऱ्या मुलाला हलवायचे नव्हते. येत्या सप्टेंबरात जी मुले दहावीत नव्याने हायस्कुलात येतील, तिथून सुरुवात करायची. मग वर्षाला एक इयत्ता, अशी तीन वर्षांत बदली पुरी करायची. प्राथमिक शाळांना हात लावलेला नव्हता. उभ्या बांधाच्या जागी काही ठिकाणी आडवा बांध, एवढेच काम होते.

पण बातमी सभेच्या आधीच फुटली होती. सभेला गर्दी उसळली. आरडाओरडा झाला. ठरावानंतर गोऱ्या वस्त्यांत निषेधाच्या सभा सुरू झाल्या. काही ठिकाणी मुलांनी वर्ग सोडले.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते? ते ऐकून घेतले पाहिजे. त्यांना नुसते दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण तसे केले तर पुढे काय झाले ते उमगणार नाही.

यातले पुष्कळ लोक कारखान्यात राबणारे होते. गडगंज नव्हते. शाळा चार पावलांवर आहे म्हणून कर्ज काढून, वर्षानुवर्षे हप्ते फेडून त्यांनी घर घेतले होते. थोरला मुलगा ज्या शाळेत शिकला, ज्या शाळेच्या संघातून खेळला, तिथेच धाकटीने जावे ही त्यांची इच्छा. आता तिने दोन बस बदलून लांब जायचे. तिथे मारामाऱ्या होतात, असे कानावर आलेले. दंगल होऊन तीन वर्षेही झाली नव्हती. घराची किंमत उतरेल ही धास्ती वेगळीच. आणि एक गोष्ट त्यांना फार झोंबली. ज्यांच्याजवळ पैसा होता ते आधीच शहराबाहेर जाऊन राहिले होते. त्यांच्या मुलांना या ठरावाची झळ नव्हती. शहाणपण सांगायला श्रीमंत आणि सोसायला आम्ही, असे त्यांचे म्हणणे.

यात खरे किती होते? पुष्कळ होते. शेवटची तक्रार तर अगदी वाजवी होती.

पण या तक्रारींच्या पोटात एक न बोललेली गोष्टही होती. शाळा लांब पडते हेच दुखणे असते, तर काळ्या मुलांच्या बस जवळची शाळा सोडून लांब जात होत्या, तेव्हाही कुणीतरी ओरडले असते. त्या वेळी सभा भरल्या नाहीत. आईबापांना अंतराची चिंता होती हे खोटे नाही. पण शाळेत कोण शेजारी बसणार, याची चिंता त्याहून मोठी होती. पुष्कळांनी ती मान्य केली नसती, कदाचित स्वतःशीही नाही.

काळ्या आईबापांचेही हाल होते. त्यांच्या मुलांनी जिथे जायचे, तिथे आधीच फलक घेऊन लोक उभे होते. अशा ठिकाणी पोर धाडायचे कसे?

कौल

अमेरिकेतल्या काही राज्यांत एक रीत आहे. निवडून दिलेला माणूस लोकांना नकोसा झाला तर मुदत संपण्याआधीच त्याला मत देऊन काढता येते. आधी ठरावीक संख्येने सह्या गोळा कराव्या लागतात. मग मतदान होते. आपल्या ग्रामपंचायतीत सरपंचावर अविश्वासाचा ठराव येतो, त्याच्या जवळपासची ही गोष्ट. इथे सगळे मतदार मत देतात.

विरोधकांनी संघटना केली. घरोघर फिरून सह्या घेतल्या. तिकडे राज्याचे कायदेमंडळही हलले. जुलै १९७० मध्ये त्याने नवा कायदा केला आणि सात एप्रिलचा ठराव अडवून ठेवला. गव्हर्नर विल्यम मिलिकन यांनी त्यावर सही केली. म्हणजे रेघ जिथल्या तिथे राहिली. एवढ्यावर लोक थांबले असते तरी चालले असते. पण राग शमला नव्हता. ४ ऑगस्टला मतदान झाले. शंभरांतल्या सुमारे ६० मतदारांनी ‘काढा’ म्हटले. ठरावाच्या बाजूने मत देणारे चारही सभासद घरी गेले. डेट्रॉइटच्या मंडळाच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते.

गोऱ्या वस्त्यांत मतदान जोरात झाले होते. काळ्या वस्त्यांत त्या मानाने थोडेच लोक मत द्यायला बाहेर पडले.

लोकांनी कौल दिला, मग प्रश्न संपला, असे वाटेल. पण प्रश्न मुलांच्या हक्काचा होता. आपल्या शेजाऱ्याचा हक्क बहुमताने काढून घेता येतो का? ते विचारायचे ठिकाण कोर्ट. ठरावाला खो बसून दीड महिना होतो न होतो, तोच १८ ऑगस्ट १९७० रोजी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संस्थेने काही आईबापांच्या वतीने दावा लावला. गव्हर्नरचे नाव आणि पहिल्या वादीचे आडनाव यांवरून हा खटला ‘मिलिकन विरुद्ध ब्रॅडली’ म्हणून ओळखला जातो.

कोर्टात

खटला न्यायाधीश स्टीफन रॉथ यांच्यापुढे आला. हे हंगेरी देशात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. प्रथम त्यांचा कल वादींकडे मुळीच नव्हता. दावा लावणाऱ्यांनी सुरुवातीला तातडीचा हुकूम मागितला, तो त्यांनी दिला नाही. वरच्या कोर्टाने मात्र राज्याच्या नव्या कायद्यातले ठराव अडवणारे कलम घटनेविरुद्ध ठरवले.

एप्रिल १९७१ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि ४१ दिवस चालली. कोर्टात शहराचा मोठा नकाशा लावला होता. काळी वस्ती कुठे कुठे आहे आणि ती दर दहा वर्षांनी कशी वाढली, ते त्यावर दाखवले होते. घरांच्या खरेदीखतांविषयी साक्षी झाल्या. कर्जाविषयी झाल्या. मोकळीक दिलेल्या पट्ट्यांविषयी झाल्या. वाटेतली शाळा सोडून जाणाऱ्या बसगाड्यांविषयी झाल्या. दिवसामागून दिवस तो नकाशा समोर होता. रॉथ यांचे मत पालटत गेले.

२७ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांनी निकाल दिला. डेट्रॉइटच्या शाळा आपोआप वेगळ्या झालेल्या नाहीत, मंडळाने आणि राज्य सरकारने केलेल्या कामांमुळे त्या वेगळ्या झाल्या आहेत, म्हणून हे घटनेविरुद्ध आहे, असे त्यांनी म्हटले.

आता उपाय काय करायचा? शहरातल्या शहरात मुले मिसळायची तर गोरी मुले उरली होती किती? उरलेलीही निघून जातील आणि सगळ्याच शाळा काळ्या होतील. रॉथ यांनी शहराची वेस ओलांडायचे ठरवले. १४ जून १९७२ रोजी हुकूम निघाला. डेट्रॉइट आणि भोवतालची ५३ शाळामंडळे मिळून एकच योजना करावी. तिच्यात सुमारे ७ लाख ८० हजार मुले येत होती.

१२ हायस्कुलांच्या रेघा नकोत म्हणून लोक उठले होते. आता रेघ निघाली ती तीन परगण्यांना कवेत घेणारी!

मग तर रान पेटले. जे शहर सोडून गेले होते तेही यात सापडले. मोटारींच्या मागे रॉथ यांना शिव्या देणाऱ्या चिठ्ठ्या चिकटल्या. डेट्रॉइटजवळ पॉन्टिॲक नावाचे गाव आहे. तिथे दुसऱ्या एका खटल्यातल्या हुकमाने १९७१ सालीच शाळेच्या बस सुरू व्हायच्या होत्या. ३० ऑगस्टच्या रात्री दहा रिकाम्या बस सुरुंगाच्या दारूने उडवून दिल्या गेल्या. काळ्यांचा द्वेष करणाऱ्या टोळीतली माणसे त्यात पकडली गेली. त्याच पॉन्टिॲकमधून पुढच्या वर्षी काही आया बसच्या विरोधात देशाच्या राजधानीपर्यंत पायी गेल्या. वाट सुमारे ६२० मैल. आळंदी ते पंढरपूर वारीच्या चौपट. एकीकडे सुरुंग आणि दुसरीकडे पायपीट. विरोध एकच, पण तो करण्याच्या रीती किती वेगळ्या!

खटला वर गेला. मधल्या कोर्टाने रॉथ यांचा निकाल मुख्यतः उचलून धरला. मग तो सुप्रीम कोर्टात गेला. ११ जुलै १९७४ रोजी रॉथ वारले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २५ जुलै १९७४ रोजी, निकाल लागला. पाच विरुद्ध चार. रॉथ यांचा हुकूम रद्द झाला.

सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी बहुमताचे निकालपत्र लिहिले. त्याचा सारांश असा: शाळेचा कारभार त्या त्या ठिकाणच्या लोकांच्या हाती असणे ही या देशाची जुनी रीत आहे. डेट्रॉइटच्या शाळांत अन्याय झाला असेल, पण बाहेरच्या मंडळांनी तो केला असे सिद्ध झालेले नाही. म्हणून त्यांना या उपायात ओढता येणार नाही. डेट्रॉइटने आपले आपल्या हद्दीत पाहावे.

विरोधात मत देणाऱ्या चौघांत थर्गुड मार्शल होते. सुप्रीम कोर्टाचे ते पहिले काळे न्यायमूर्ती. १९५४ चा खटला वकील म्हणून त्यांनीच लढवला होता. त्यांनी लिहिले ते थोडक्यात असे, की एका मोठ्या शहराचे दोन भाग होऊ देणे, एक गोऱ्यांचा आणि एक काळ्यांचा, ही आज सोपी वाट वाटेल, पण पुढे लोकांना तिचा पश्चात्ताप होईल.

रस्त्याच्या पलीकडे

जानेवारी १९७६ मध्ये डेट्रॉइट शहराच्या आतल्या आत मुलांना बसने दुसऱ्या शाळांत पाठवणे सुरू झाले. तोवर मिसळायला गोरी मुले थोडी उरली होती. पुढे तीही कमी होत गेली. नंतर कारखाने बसले आणि काळी कुटुंबेही जमेल तशी बाहेर पडली. घरे ओसाड पडली. शाळा एकामागून एक बंद झाल्या. साडेअठरा लाखांचे शहर २०१० च्या शिरगणतीत ७ लाख १४ हजारांवर आले.

सात एप्रिलचा ठराव टिकला असता तर हे सगळे टळले असते का? तसे म्हणवत नाही. कारखान्यांचे जाणे शाळेच्या रेघेने थांबले नसते. गोरी कुटुंबेही त्याच्या कितीतरी आधीपासून निघाली होती. पण ठराव लहान होता, सावकाश व्हायचा होता, आणि आपल्या निवडलेल्या माणसांनी केलेला होता. तो मोडला तेव्हा मंडळाच्या हातातला कारभार कोर्टाच्या हातात गेला. नंतर कुणी लहान काही मागितले नाही.

डेट्रॉइटच्या उत्तर टोकाला ‘एट माइल’ नावाचा रुंद रस्ता आहे. आठ मैलांचा रस्ता, असा त्या नावाचा अर्थ. शहराची शीव तीच. अलीकडे डेट्रॉइटचे शाळामंडळ, पलीकडे दुसरी मंडळे. १९९६ पासून मिशिगनमध्ये कायद्याने एक वाट मोकळी झाली आहे. एका मंडळाच्या हद्दीतले मूल दुसऱ्या मंडळाच्या शाळेत जागा मागू शकते. रोज सकाळी डेट्रॉइटची कितीतरी मुले तो रस्ता ओलांडून शिकायला जातात. नेण्या-आणण्याची सोय बहुधा आईबापांनाच करावी लागते. पलीकडच्या मंडळाने दार उघडायचे की नाही, हे मात्र ते मंडळ ठरवते. काहींनी उघडले आहे, काहींनी नाही.